दुष्काळी मुलखातील बाजरी आणि देशोदेशींची बियाण्याची देवघेव

महाराष्ट्रात १९७२ साली पडलेल्या दुष्काळाची हकीकत सांगणारी वडीलधारी मंडळी अजूनही गावोगाव भेटतात. खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि स्वस्त धान्याच्या दुकानातील परदेशची मिलो या तीन गोष्टी त्यांच्या बोलण्यात हटकून येतात. मिलोच्या भाकरीला चव नव्हती, परंतु तिच्यावर माणसे जगली. अशा साहाय्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि जहाजातून आलेले धान्य खाल्ले की संपते, आणि पुढील साली पावसाने पुन्हा दगा दिला तर पुन्हा जहाजाची वाट पाहावी लागते.

त्याच वर्षी, म्हणजे १९७२ च्या मार्च महिन्यात, एका वेगळ्या प्रकारच्या सहकार्याला आरंभ झाला. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पुढाकाराने १९७१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन गटाच्या वतीने भारत सरकारशी करार झाला. त्या करारान्वये हैदराबादजवळ पाटनचेरू येथे कोरडवाहू मुलखातील पिकांसाठी एक संशोधन संस्था निघाली. तिला इक्रिसॅट या संक्षिप्त नावाने ओळखतात. तिच्याकडे सोपविलेली पिके होती ज्वारी, बाजरी, तूर व हरभरा. पुढे त्यांत भुईमुगाची भर पडली. दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या पाच एकरांतील पिकांची नावे सांगावीत, तशीच ही यादी आहे. संस्थेच्या जमिनीत काळी माती आहे आणि तांबडीही आहे. जागा निवडताना हाही विचार झाला होता.

अशा सहकार्यातून दुष्काळी गावातील शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्ष काय पडते, असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला पुष्कळदा विचारला जातो. बाजरीच्या बियाण्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला असता त्याचे उत्तर मिळते. या इतिहासात लाभ आहे, तसाच एक मोठा फटकाही आहे. आणि फटक्याचा भाग अधिक लक्षपूर्वक समजून घेण्याजोगा आहे.

बाजरीचा फुलोरा

बाजरी मूळची आफ्रिकेची. सहाराच्या वाळवंटाच्या दक्षिण कडेला साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. तेथील लोकांनी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे गवत माणसाळवून धान्य केले, आणि तेथून ते भारतात आले. म्हणजे बाजरीच्या बाबतीत देशोदेशींची देवघेव ही काही आजकालची गोष्ट नव्हे.

या पिकाच्या फुलोऱ्याची रीत ध्यानात घेतल्याशिवाय पुढील हकीकत नीट कळणार नाही. बाजरीचे कणीस निसवले की प्रथम त्यावर स्त्रीकेसर बाहेर येतात. पुंकेसर त्यानंतर एक ते तीन दिवसांनी दिसू लागतात. स्वतःचे पराग तयार होण्याआधीच शेजारच्या कणसाचे पराग वाऱ्याने येऊन बीजधारणा होते. त्यामुळे बाजरीच्या शेतातील बहुतेक दाणे हे निसर्गतःच संकराचे असतात आणि जुन्या गावरान बाजरीत कोणतीही दोन झाडे अगदी सारखी नसतात. एक उंच तर दुसरे ठेंगणे, एक चार दिवस आधी निसवणारे तर दुसरे मागाहून. खळ्यावर हा विस्कळीतपणा त्रासदायक वाटतो. परंतु रोग आला असता सर्व झाडे एकदम बळी पडत नाहीत ती याचमुळे.

हेतुपूर्वक संकर करावयाचा, म्हणजे ठरावीक आई आणि ठरावीक बाप यांचेच बी तयार करावयाचे, तर आईच्या कणसात पराग मुळीच तयार होता कामा नयेत. मक्याचा तुरा हाताने खुडता येतो. बाजरीच्या कणसातील हजारो बारीक फुले कोण खुडणार? ही अडचण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी दूर झाली. तेथील संशोधक ग्लेन बर्टन हे गुरांच्या चाऱ्यासाठी बाजरीवर काम करीत होते. त्यांना असा वाण सापडला की ज्याच्या कणसात पराग धरत नाहीत आणि हा गुण आईकडून संततीत उतरतो. त्याला 'टिफ्ट २३ ए' असे नाव मिळाले. त्याचे बी भारतीय संशोधकांना देण्यात आले. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात त्याचा भारतीय वाणाशी संकर झाला, आणि १९६५ साली 'एचबी–१' हा भारतातील पहिला संकरित बाजरीचा वाण प्रसृत झाला. चाचण्यांत त्याचे उत्पन्न पूर्वीच्या वाणांच्या जवळजवळ दुप्पट आले. पाठोपाठ 'एचबी–३' आदी वाण आले. महाराष्ट्रातही त्यांचा प्रसार झाला. १९७०–७१ च्या चांगल्या पावसाच्या साली देशातील बाजरीचे उत्पादन सुमारे ८० लाख टनांवर पोचले.

गोसावी रोगाचा घाला

दुसऱ्याच वर्षी ते सुमारे ५३ लाख टनांवर उतरले. त्याला अवर्षण काही अंशी कारण होते, हे नाकारता येत नाही. परंतु त्याबरोबरच संकरित बाजरीवर गोसावी रोगाचा जोराचा हल्ला झाला होता. या रोगाला केवडा असेही म्हणतात. कोवळ्या झाडाची पाने बुडख्याकडून पिवळी पडत जातात. पहाटे दमट हवेत पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूस पांढुरकी बुरशी दिसते. झाड जगलेच तर कणसात दाण्यांऐवजी हिरव्या बारीक पानांच्या जटा फुटतात. हे रूप एकदा पाहिल्यावर गोसावी हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. अशा कणसातील व पानांतील बुरशीची बीजे वाळून मातीत पडतात आणि तेथे काही वर्षे जिवंत राहतात. पेरणीनंतर ती उगवत्या रोपाच्या मुळांवाटे आत शिरतात. आणि ढगाळ, दमट रात्री पानांवरची ताजी बीजे वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात.

हा रोग भारताला नवा नव्हता. गावरान बाजरीत तो तुरळक दिसे आणि कोणी त्याची फारशी दखल घेत नसे. मग संकरित बाजरीचीच अशी वाताहत का झाली? त्याचे कारण आईत होते. अमेरिकेत बाजरीवर हा रोग नाही. त्यामुळे टिफ्टनच्या त्या वाणाची या रोगाशी कधी गाठच पडली नव्हती आणि त्याच्याशी झुंजण्याची ताकद त्याच्यात आली नव्हती. शिवाय वाणांची नावे निराळी असली तरी बाप तेवढे वेगळे होते. आई सर्वांची एकच होती. गुजरातपासून दख्खनपर्यंतच्या लाखो एकरांत एका आईची लेकरे उभी होती. बुरशीला एका झाडात शिरण्याची वाट सापडली, ती सर्वच झाडांत सापडली.

बी देणाऱ्याचा यात काही दोष होता असे म्हणता येत नाही, आणि ते घेणाऱ्यानेही उतावीळपणा केला असे म्हणणे कठीण आहे. कारण त्या काळी देशाला धान्याची निकड होती. चूक झाली ती एकाच गुणावर, म्हणजे उत्पन्नावर, दृष्टी ठेवण्यात. ती चूक पुन्हाही झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने रोगाला तोंड देणाऱ्या नव्या माद्या तयार केल्या. त्यांपैकी एकीपासून निघालेला 'बीजे–१०४' हा वाण इतका लोकप्रिय झाला की पुन्हा मोठ्या क्षेत्रावर तोच एक वाण दिसू लागला. आणि काही वर्षांनी गोसावीने त्यालाही गाठले. बुरशी ही स्वतः बदलणारी आहे. आज तिला दाद न देणारा वाण उद्याही देणार नाही असे गृहीत धरता येत नाही.

टोगोच्या शेतातील कणीस

यावर उपाय कोठे शोधावयाचा? पश्चिम आफ्रिकेत बाजरी आणि ही बुरशी या दोघींचा सहवास हजारो वर्षांचा आहे. तेथील बुरशी अधिक जोरकस आहे, म्हणून तेथील गावरान बाजरीतही तिला तोंड देण्याची शक्ती अधिक आहे. पाटनचेरूच्या संस्थेने निरनिराळ्या देशांच्या संशोधन केंद्रांच्या साह्याने बाजरीची कणसे गोळा करण्यास आरंभ केला. आज तेथील बीजभांडारात पन्नासच्या आसपास देशांतील बाजरीचे २० हजारांहून अधिक नमुने थंड कोठ्यांत जतन केलेले आहेत. त्यांत राजस्थानातील आहेत, महाराष्ट्रातील आहेत, तसेच नायजर, माली व नायजेरियातीलही आहेत.

गोळा केलेल्या बियाण्याची परीक्षा घेण्याची तेथील रीत मोठी मार्मिक आहे. रोगाला चटकन बळी पडणारी बाजरी प्रथम काही ओळींत पेरतात आणि तिला मुद्दाम रोग लावतात. तिच्यावर बुरशी चांगली माजली म्हणजे मधल्या ओळींत परीक्षेचे वाण पेरतात व तुषारांनी हवा दमट ठेवतात. शेतकऱ्याच्या शेतात दहा वर्षांतून एखादे वेळी येणारे संकट येथे प्रत्येक वाणावर दर हंगामी आणले जाते. त्यातून जे तगते तेवढेच पुढे जाते. हेच वाण भारतात व पश्चिम आफ्रिकेत अशा दोन्हीकडे पेरून पाहण्याची व्यवस्थाही करण्यात आली.

या प्रयत्नांचे पहिले मोठे फळ 'डब्ल्यूसी–सी७५' हा वाण होय. नायजेरियातील समारू येथील संशोधन केंद्रात अनेक देशांच्या बाजरीचे एक मिश्रण तयार करण्यात आले होते. त्यातून निवड करीत हा वाण सिद्ध झाला आणि १९८२ साली भारतात प्रसृत झाला. तो संकरित नव्हता, तर सुधारित वाण होता. त्यातील झाडे परस्परांशी नाते राखूनही एकसारखी नव्हती, आणि म्हणून बरीच वर्षे तो गोसावीपुढे टिकून राहिला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा वाण १९८८ साली आला. टोगो हा पश्चिम आफ्रिकेतील एक चिंचोळा देश. त्याच्या उत्तर भागात आणि लगतच्या घाना, बेनिन व बुर्किना फासो या देशांत इनियादी नावाची गावरान बाजरी पेरतात. ही बाजरी हळवी. तिकडे मागल्या सालचे धान्य कणगीच्या तळाला गेलेले असते आणि गरव्या ज्वारी-बाजरीचे पीक अजून हिरवे असते, अशा उपासमारीच्या दिवसांत घरात पहिला घास येतो तो या हळव्या बाजरीचा. कणीस आखूड व जाड, दाणा टपोरा. हजार दाणे १२ ग्रॅमच्या पुढे भरतात. टोगोतील अशा एका गावरान वाणातून पाच संतती निवडून, त्यांचा आपापसांत संकर होऊ देऊन, 'आयसीटीपी ८२०३' हा वाण पाटनचेरू येथे तयार झाला आणि महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांसाठी प्रसृत करण्यात आला. वाणांना अशी आकडेवजा नावे देण्याची रीत संशोधकांना सोयीची असेल; शेतकऱ्याच्या जिभेवर ती बसत नाहीत. तरीही हा वाण पसरला. जो पंचाहत्तर दिवसांच्या आसपास काढणीला येतो, ज्याचा दाणा भरण्याचे काम ऑगस्टअखेरच्या उघडिपीपूर्वी बरेचसे उरकते, त्याचे नाव अवघड असले तरी अवर्षणाच्या मुलखात चालते.

दाणा पाटनचेरूला येऊन थांबला नाही. या टोगोच्या टपोऱ्या बाजरीपासूनच पाटनचेरूत तयार झालेले बियाणे आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, नामिबियात गेले. तेथे बाजरीला महांगू म्हणतात आणि उत्तर नामिबियाचे ते मुख्य अन्न आहे. १९९० च्या सुमारास 'ओकाशाना–१' या नावाने ते बियाणे तेथील शेतकऱ्यांना मिळाले व थोड्याच वर्षांत फार मोठ्या क्षेत्रावर पसरले. टोगोच्या शेतकऱ्याने पिढ्यानुपिढ्या राखलेले कणीस, तेलंगणातील शेतात झालेली निवड, आणि ते पिकविणारे हात महाराष्ट्राचे व नामिबियाचे: बाजरीच्या बाबतीत सहकार्य म्हणतात ते हे.

हरियाणातील हिस्सार कृषी विद्यापीठाच्या 'एचएचबी ६७' या वाणाचीही गोष्ट याच जातीची आहे. पासष्ट दिवसांत येणारा हा संकरित वाण १९९० साली निघाला. पुढे तोही गोसावीला बळी पडू लागला. तेव्हा ब्रिटनच्या साहाय्याने व वेल्समधील बँगर येथील शास्त्रज्ञांच्या सहभागाने त्याच्या आईबापांतच रोगप्रतिकारक अंश घालण्यात आले आणि २००५ साली सुधारलेला वाण शेतकऱ्यांना मिळाला. या खेपेस पीक बुडेपर्यंत थांबावे लागले नाही.

पोटभर अन्न आणि सकस अन्न

अन्नाची शाश्वती म्हणजे केवळ पोत्यांची संख्या नव्हे. खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या अंगी रक्त कमी असण्याचे एक मोठे कारण आहारातील लोहाची उणीव हे आहे. इनियादी बाजरीत लोहाचे प्रमाण मुळातच चांगले आहे. 'आयसीटीपी ८२०३' मधूनच अधिक लोह असलेली झाडे निवडून 'धनशक्ती' हा वाण तयार झाला. तो २०१२ साली प्रथम महाराष्ट्रात प्रसृत झाला. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे ७० मिलिग्रॅम लोह असते. अधिक लोहासाठी मुद्दाम निवडून भारतात अधिकृतपणे प्रसृत झालेला हा पहिला वाण होय. महाराष्ट्रातील निवासी शाळांतल्या मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी काही महिने खाऊ घालून त्यांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली असता, लोहाची उणीव असलेल्या मुलांत सुधारणा अधिक लवकर दिसून आली. २०१८ पासून तर देशपातळीवरील चाचण्यांतून बाजरीचा नवा वाण मान्य होण्यासाठी किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह असण्याची अट घालण्यात आली आहे.

या देवघेवीला आज कायद्याचा आधार आहे. अन्न व शेतीसाठी उपयुक्त वनस्पतींच्या बीजसंपत्तीबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली मान्य होऊन २००४ पासून अंमलात आला. बाजरी त्याच्या यादीत आहे आणि भारत त्यात सामील आहे. यादीतील पिकांचे बी संशोधनासाठी सदस्य देशांनी एकमेकांना द्यावयाचे असते. भारताच्या २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याचा स्वतःचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्या वाणाच्या नावाने वेष्टनात भरून विकता येत नाही.

गावात करावयाचे काम

वरील हकीकतीचा गावाशी संबंध दोन ठिकाणी येतो: बियाणे निवडताना व ते राखताना.

संकरित वाणाचे बी दर वर्षी नवे घ्यावे लागते. घरचे पेरल्यास आईबापांचे गुण फुटून निघतात व पीक विस्कळीत होते. 'धनशक्ती'सारख्या सुधारित वाणाचे बी मात्र साधारण तीन वर्षे राखता येते. ते राखताना पुष्कळ शेतकरी सर्वांत मोठी चार-दोन कणसे निवडून त्यांचेच बी ठेवतात. ही पद्धत बरोबर नाही. चार कणसांचे बी म्हणजे पुन्हा चार आयांची लेकरे. बांधाकडेच्या ओळी सोडून शेताच्या मधल्या भागातील शक्य तितक्या अधिक, निदान काहीशे निरोगी झाडांची कणसे घ्यावीत आणि त्यांचे बी एकत्र मिसळावे. शेजारच्या शेतात दुसरा वाण त्याच वेळी फुलावर असेल तर त्या वर्षी बी राखू नये. वाऱ्याने आलेले पराग बांध ओळखत नाहीत.

पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. वर तरंगणारे हलके बी व अरगट रोगाच्या गाठी काढून नष्ट कराव्यात. तळचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. त्यानंतर गोसावीसाठी एक किलो बियाण्यास मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे बीजप्रक्रियेचे औषध सहा ग्रॅम या प्रमाणात चोळावे. औषध लावलेले बी उरल्यास ते खाण्यात किंवा गुरांच्या आंबोणात जाणार नाही याची काळजी घ्यावी. पीक तीन आठवड्यांचे झाले म्हणजे एकदा पहाटे शेतातून फिरावे. पिवळी, खाली बुरशी धरलेली झाडे मुळासकट उपटून जाळावीत. कणसाला जटा फुटेपर्यंत थांबल्यास त्या वर्षीच्या पिकाबरोबर पुढील वर्षांची जमीनही बिघडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मृगापूर्वी आणखी एक गोष्ट करण्याजोगी आहे. गावात कोणत्या शेतकऱ्याने बाजरीचा कोणता वाण घेतला याची साधी वही ठेवावी. निम्म्याहून अधिक क्षेत्रावर एकच वाण जात असल्याचे दिसले, तर काही शेतकऱ्यांना दुसरा संकरित वाण किंवा एखादा सुधारित वाण पेरण्याचा सल्ला द्यावा. ज्या घरी अद्याप जुनी गावरान बाजरी आहे, तेथील थोडे बी वाळवून, डब्यावर गावाचे व वाणाचे नाव आणि साल घालून ठेवावे, व जवळच्या कृषी विद्यापीठाच्या बाजरी संशोधकांना कळवावे.